प्रतिसाद : वर्ष बघून पुस्तकं काढू नका

वैद्यकीय ग्रंथालयातली जुनी पुस्तकं कमी करण्याबद्दल "दहा वर्षांपूर्वीची सगळी पुस्तकं निकाली काढा" असं वर म्हटलंय, ते मला सरसकट पटत नाही. विषय बघा. शरीररचनाशास्त्राची पंधरा वर्षं जुनी आवृत्ती पहिल्या वर्षाच्या मुलांना आजही उपयोगी पडते. न्यायवैद्यकाचं, म्हणजे कायद्याच्या कामी येणाऱ्या वैद्यकशास्त्राचं, उलट आहे. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि 'गंभीर दुखापत' जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) कलम ३२० मधून नव्या संहितेच्या कलम ११६ मध्ये गेली. म्हणजे २०२३ चं कोरं पुस्तकही तिथे जुनं झालं. तरी दोन प्रती राखाव्यातच, कारण त्या तारखेआधीचे गुन्हे जुन्या कायद्यानेच चालतात. क्षयरोगाच्या उपचारांवरच्या जुन्या पुस्तकांवर मात्र निदान 'यातले उपचार जुने आहेत' अशी ठळक चिठ्ठी तरी चिकटवा. चुकीचा डोस पाठ झाला तर तो रुग्णापर्यंत पोचतो.

आणि आपल्या सांगलीत जागेचा विचार आधी हवा. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो ना? नियतकालिकांचे बांधीव खंड जड असतात म्हणून तळमजल्यावर ठेवले जातात. कृपया ठेवू नका. तो गुळगुळीत कागद भिजून सुकला की पानं एकमेकांना चिकटतात, मग ती फाटल्याशिवाय सुटत नाहीत.