चाचणीची ‘संवेदनशीलता’ आणि ‘संवेदी’ चेता

गोदाकाठची : मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होण्याचा आजार) झालेल्यांच्या घरच्यांसाठी मी एका माहितीपत्रकाचा अनुवाद करीत आहे. एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून त्यातले विद्युत संकेत पाहणारी) या तपासण्यांवर कितपत विसंबावे, असे त्यात एक प्रकरण आहे. मी लिहिले होते (संवेदी चेता म्हणजे स्पर्श, वेदना मेंदूकडे पोचवणाऱ्या नसा) : ‘या आजारात संवेदी चेतांचा अहवाल सहसा निर्दोष येतो, मात्र सुरुवातीला चाचणीची संवेदनशीलता कमी असते.’ पंचवटीतल्या माझ्या आत्याने, जिच्या यजमानांना हाच आजार होता, ते वाचून विचारले, “म्हणजे आधी आधी सुई टोचलेली कळत नाही का? यांना तर चांगली कळत होती.” आत्याचे काहीच चुकले नाही, चूक माझ्या वाक्याची आहे. आजार असूनही तो तपासणीत न सापडण्याचा संभव सुरुवातीला जास्त असतो, एवढेच मला म्हणायचे आहे. ‘विश्वासार्हता’ चालेल का?

सुईवाला : ताई, ‘विश्वासार्हता’ घालू नका. मी बरीच वर्षे ईएमजीच्या खोलीत काढली आहेत. जानेवारीत सकाळी दुचाकीवरून आलेल्या माणसाचे हात बर्फासारखे असतात, आणि त्वचेचे तापमान एका अंशाने उतरले की नसेतला वेग सेकंदाला सुमारे 2 मीटरने घटतो. म्हणून आम्ही आधी हात शेकून घेतो. तोच हात दोनदा तपासला तर आकडा तोच यावा, ही झाली विश्वासार्हता. तुमची अडचण वेगळी आहे : ज्या स्नायूत सुई घातली तिथवर बिघाड अजून पोचलेलाच नसतो. म्हणूनच जीभ, हात, पाठ आणि पाय अशा निरनिराळ्या ठिकाणी पाहावे लागते, आणि गरज पडली तर काही महिन्यांनी पुन्हा. मी याला ‘पकड’ म्हणेन. सुरुवातीला चाचणीची पकड सैल असते.

शुद्धमती : ‘पकड’ पान्याची असते, चाचणीची नव्हे. संख्याशास्त्रात ‘संवेदनशीलता’ हा शब्द रुळलेला आहे. एका वाचकाचा गैरसमज झाला म्हणून परिभाषा मोडीत काढायची काय? खरा घोळ ‘नस’ या शब्दात आहे, कारण आपण रक्तवाहिनीलाही नसच म्हणतो. ‘चेता’ लिहा. आणि ‘स्नायू’ तरी कुठे निर्दोष आहे? सुश्रुताने शरीरात 900 स्नायू आणि 500 पेशी सांगितल्या आहेत. त्याच्या लेखी मांसाचे पुंजके म्हणजे पेशी आणि बांधून ठेवणारे ते स्नायू. आपण पेशीला सूक्ष्म करून टाकले आणि तिची जागा स्नायूला दिली.

सातपूरकर : याचा मला अनुभव आहे. कारखान्यातल्या एका बंगाली सहकाऱ्याला मी म्हणालो, “तुमचा स्नायू दुखावला असेल,” तर तो घाबराघुबरा झाला, कारण त्याच्या भाषेत स्नायू म्हणजे नस! माझ्या मते ‘स्नायू’चे मूळ ‘स्नान’ असावे. घामाने न्हातो तो स्नायू.

शुद्धमती : हे मूळ आपण गोदावरीत सोडून द्यावे.

सुईवाला : स्नायूवरून आठवले. अहवालात ‘फॅसिक्युलेशन’ लिहिलेले असते त्याला आपल्याकडचे लोक ‘मांस उडतं’ म्हणतात, आणि याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. हा आजार ओळखण्यासाठीच्या 2008 च्या अवाजी निकषांनी, जुना बिघाड दिसणाऱ्या स्नायूतल्या या उडण्यालाही पुराव्याचे वजन दिले, तेव्हा चाचणीची पकड (हो, पकडच) घट्ट झाली. नसांच्या तपासणीचे काम मात्र निराळे आहे. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथीसारखा, याच आजारासारखा दिसणारा पण इम्युनोग्लोब्युलिनने (प्रतिपिंडांच्या औषधाने) सुधारू शकणारा नसांचा आजार नजरेतून निसटू नये, हा तिचा मोठा उपयोग. एकाच चाचणीला दोन्ही कामांचे गुण देता येत नाहीत.

गोदाकाठची : सर्वांचे आभार. तूर्त मी शब्द गाळून वाक्य लिहिले आहे : ‘सुरुवातीला आजार असूनही तो या तपासणीत सापडेलच असे नाही, अहवाल नॉर्मल आला आणि त्रास वाढत राहिला, तर डॉक्टर ती पुन्हा करायला सांगू शकतात.’ आत्याला समजले. ‘संवेदी’ मात्र तसाच ठेवला आहे.

शुद्धमती : आपण शब्द मागितला होता आणि हे वाक्य झाले. शिवाय ‘नॉर्मल’ कशासाठी? आधीचे ‘निर्दोष’ काय वाईट होते?

सातपूरकर : ‘निर्दोष’ कोर्टातून सुटतो. बाकी, स्नायू आणि स्नान यांचा संबंध नाही हे कोणी सिद्ध करून दाखवेल काय?