पाण्यात कोणता क्षार विरघळेल, हे कसे ओळखावे?

प्रश्न (इंदूर):
आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, म्हणून बोरिंगचेही वापरावे लागते. ते उकळले की पातेल्याच्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धरतो. धुण्याचा सोडाही कार्बोनेटच आहे, मग तो कसा सहज विरघळतो, असे अकरावीतल्या मुलीने विचारले आणि मला नीट सांगता आले नाही. शिवाय कॅल्शियम सल्फेट एका पुस्तकात अविद्राव्य, तर दुसऱ्यात अल्प विद्राव्य दिले आहे. विद्राव्यतेचे (कोणता क्षार विरघळतो, कोणता नाही याचे) नियम तिला पाठ आहेत. ते वापरायचे कसे?

उत्तर १:
ताई, सगळे नियम सारख्या वजनाचे नाहीत, हे तिला आधी सांगा. क्षारात सोडियम, पोटॅशियम, अमोनियम किंवा नायट्रेट असेल, तर शाळेत भेटणारा असा क्षार विरघळतोच आणि पुढचे नियम पाहावे लागत नाहीत. सोड्यात सोडियम आहे, तेव्हा ‘कार्बोनेट सहसा विरघळत नाहीत’ हा नियम तिथपर्यंत पोहोचतच नाही. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइडची द्रावणे मिसळल्यावर येणारा पिवळाधमक साका कोणाचा, हेही असेच कळते: जोड्या बदलून बनणारे पोटॅशियम नायट्रेट विरघळलेलेच राहते, म्हणून खाली बसते ते लेड आयोडाइड.

उत्तर २:
मी इंदुरातच बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. ‘अविद्राव्य’ या शब्दाने मुलांची फार फसगत होते, म्हणून आकडे सांगतो. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात बेरियम सल्फेट जेमतेम २ ते ३ मिलिग्रॅम विरघळते, तर कॅल्शियम सल्फेट २ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ हजारपट. त्यामुळे दोघांना एकाच रांगेत बसवणे मला पटत नाही आणि ‘अल्प विद्राव्य’ हेच योग्य वाटते. क्लोराइडे सहसा विरघळतात; त्यांत सिल्व्हर, लेड आणि मर्क्युरस (पाऱ्याचे एक रूप) हे अपवाद आहेत, पण त्यांतही लेड क्लोराइड वेगळे आहे. परीक्षानळीतला त्याचा पांढरा साका पुरेशा पाण्यात तापवला की नाहीसा होतो आणि नळी निवल्यावर त्याच्या लखलखीत सुया हळूहळू खाली उतरू लागतात. शिसे विषारी असल्यामुळे हा प्रयोग प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच करावा.

प्रश्नकर्ती:
सर, मुलगी विचारते आहे, सिल्व्हर क्लोराइड गरम पाण्यात विरघळत नसेल, तर दोन्ही साके असे वेगळे करता येतील का?

उत्तर २:
अगदी बरोबर ओळखले तिने. गुणात्मक विश्लेषणात, म्हणजे नमुन्यात कोणते घटक आहेत हे ओळखताना, हेच करतात. फक्त द्रावण गरम असतानाच गाळावे, नाहीतर लेड क्लोराइड गाळणकागदावरच पुन्हा स्फटिकरूप धरते.