अनुभव धागा: आजी-आजोबांचा नंबर कुठे अडतो?

कायमच्या निवासी देखभालीसाठी नाव नोंदवून महिने उलटतात, तरी बोलावणं येत नाही. या कामात रोज असणाऱ्यांनी नेमकं कुठे अडतं ते लिहावं. स्वतःची कहाणी नको, पुढच्या घराला उपयोगी पडेल असं लिहा.

प्रवेशाचं काम पाहणारी

ही यादी म्हणजे तिकिटाची रांग नव्हे. बेड रिकामा होतो तो बहुतेकदा कुणी गेल्यावरच, आणि तो कुणालाही चालत नाही. दोघींच्या खोलीतला बेड सुटला तर यादीत पहिले असलेले आजोबा तिथे जाऊ शकत नाहीत. स्मृतिभ्रंशामुळे बाहेर निघून जाणाऱ्यांना बंद दाराचा विभाग लागतो. पायावर उभं राहता येत नसेल तर होइस्ट (माणसाला झोळीत उचलून हलवणारं यंत्र) आणि तो चालवायला दोन माणसं. वजन जास्त असेल तर पलंग, गादी आणि होइस्टचा झोळीपट्टा, तिन्हींची वजनमर्यादा बघावी लागते. एक गोष्ट कमी पडली की बेड पुढच्याला.

बेड आहे पण माणूस नाही, हेही फार होतं. कर्मचाऱ्याची एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याला आठ तासांच्या २१ पाळ्या होतात. एक जण सहा पाळ्या करतो. म्हणजे रजा धरून चार माणसं, एका जागेसाठी! रात्रपाळी रिकामी असेल तर चादर घातलेला बेडही देता येत नाही, आणि देऊही नये.

अर्जात ‘सगळी मदत लागते’ असं लिहू नका. ‘पलंगावरून खुर्चीत येताना एकाचा आधार, रात्री दोनदा लघवीला उठतात, घास मऊ करून द्यावा लागतो’ असं लिहा. त्यावरून बेड जुळवता येतो.

वॉर्डातली परिचारिका

किती मदत लागते याचं मूल्यांकन चुकीच्या दिवशी होतं, हे माझं सगळ्यात मोठं दुखणं. लघवीचा संसर्ग झाला किंवा ऑपरेशन झालं की वृद्धांना डिलिरियम, म्हणजे अचानक येणारा आणि कमीजास्त होणारा गोंधळ, होऊ शकतो. रात्री नळ्या ओढतात, सकाळी शांतपणे नातवाची चौकशी करतात. अशा दिवशी बार्थेल निर्देशांक काढला (रोजची दहा कामं स्वतःची स्वतः किती जमतात, एकूण १०० गुण), तर गुण खूप खाली येतात आणि ‘बंद विभाग’ असा शिक्का बसतो. त्या बेडची टंचाई सर्वांत जास्त. आधी संसर्ग, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, नवी औषधं बघा. चष्मा आणि श्रवणयंत्र घरीच राहिलंय का तेही बघा. मग गुण काढायला सांगा.

वाट बघताना त्यांना पडून राहू देऊ नका. एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना १० दिवस पलंगावर ठेवलं, तर पायांचं जवळपास एक किलो मांस गेलं. आजारी माणसाचं याहून लवकर जातं. जेवण खुर्चीत बसवून द्या. कूस बदलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी बदलून द्या, माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाल जागा बोटाने दाबल्यावर फिकी पडत नसेल तर बेडसोरची सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे ऊब आणि टणकपणा हाताला लागतो. बेडसोर झाला की ड्रेसिंग आलं, वेगळी गादी आली, आणि जुनं मूल्यांकन बाद.

समाजसेवक

वरच्या ताईंचं खरं आहे, पण निम्म्या फायली सहीपाशी थांबतात. समज शाबूत असताना मुखत्यारपत्र केलं नाही तर नंतर ते करता येत नाही, मग न्यायालयाकडे जावं लागतं. साधं मुखत्यारपत्र बऱ्याच ठिकाणी समज गेल्यावर निरुपयोगी ठरतं. त्यानंतरही चालेल असं करता येईल का, हे वकिलाला आत्ताच विचारा. सरकारी मदत घ्यायची असेल तर गरजेची तपासणी आणि उत्पन्नाची तपासणी बहुधा वेगवेगळ्या टेबलांवर होते. पहिलीचा निकाल येईपर्यंत थांबू नका, बँकेची आणि पेन्शनची कागदं तयार ठेवा.

भावंडांत संपर्कासाठी एकच जण ठरवा. बेड देऊ केल्यावर उत्तराला फार वेळ मिळत नाही.

घरोघरी देखभालीला जाणारी

घरचे नंबर मागे पडतात, कारण दवाखान्यात अडकलेल्यांना प्राधान्य मिळतं आणि घरी ‘कुटुंबाचा आधार आहे’ अशी टीप पडते. तो आधार म्हणजे रात्री चार वेळा उठणारी एक सून असते, आणि तिची कुठेच नोंद नसते. सात दिवसांची वही ठेवा: कुठल्या वेळी, काय केलं, किती मिनिटं, रात्री किती वेळा. पडणं, वजन उतरणं, कपड्यात लघवी होणं, यातलं काहीही नव्याने सुरू झालं की त्याच आठवड्यात लेखी कळवा. कळवल्याशिवाय प्राधान्य सहसा बदलत नाही.

तात्पुरती जागा मिळत असेल तर घ्या, पण आधी एक लेखी विचारा: मूळ यादीतलं नाव तसंच राहणार ना? काही ठिकाणी ‘सोय झाली’ म्हणून ते काढून टाकतात.