विश्वास ठेवायला पुरावा लागतोच का?

प्रश्न: नास्तिक मित्र म्हणतो पुराव्याशिवाय देव मानणं चूकच, मी म्हटलं आईवर विश्वास ठेवताना कुठे पुरावा मागतो आपण? कोणाचं बरोबर?

उत्तर १: आईचं उदाहरण नाही पटत, तिचं वागणं वर्षानुवर्षं बघितलेलं असतं, तोच पुरावा की. क्लिफर्ड या इंग्लिश तत्त्वज्ञाने १८७७ मध्ये जहाजमालकाचं उदाहरण दिलंय, जुनं जहाज न तपासताच ठीक आहे असं स्वतःला पटवून तो प्रवासी पाठवतो आणि ते बुडतं. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो दोषीच, कारण पुरावा नसताना विश्वास ठेवला.

उत्तर २: पण १८९६ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने क्लिफर्डला उत्तर दिलं ना, काही प्रश्न पुराव्याने सुटत नाहीत आणि निर्णय टाळणं हाही निर्णयच असतो. अर्थात सगळीकडे नाही चालत हे, लोक नेमकं तेच विसरतात.

प्रश्नकर्ता: जहाजाचं पटलं. मग प्रार्थनेत मला जे जाणवतं ते पुरावा धरायचं का?

उत्तर १: तुमच्यापुरतं कदाचित, पण मित्राला कसं दाखवणार?