ट्रेलरमध्ये मोबाइलची रेंज आणि इंटरनेट: बूस्टर घ्यावा की अँटेना?

सिएराकाठ: नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात असतो. गाडीमागे ओढायचा, आत राहायची सोय असलेला २४ फुटी ट्रेलर आहे, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वर रबरी छत. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या जंगलातल्या कॅम्पग्राउंडवर बाहेर उभं राहिलं की फोनला दोन दांड्या येतात आणि आत शिरलं की रेंज गायब. सोमवारी सकाळी व्हिडिओ मीटिंग व्हायलाच हवी. ५०० डॉलरच्या आसपासचा, सिग्नल वाढवणारा बूस्टर घ्यायचा विचार आहे. उपयोग होईल का? छताला भोक पाडायची तयारी आहे, पण गळती नको.

तरंगवेडा: आधी दांड्या बघणं सोडा, आकडे बघा. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा येतो, अँड्रॉइडला सेलमॅपरसारखं अ‍ॅप लागतं. दोन आकडे टिपा. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद: उणे ९० उत्तम, उणे ११५ जेमतेम. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती उठून दिसतो ते: १० च्या वर चांगला, शून्याच्या खाली अवघड. बाहेर आणि आत, दोन्हीकडे मोजा.

बूस्टर नवा सिग्नल तयार करत नाही. छतावर पोचतं तेच वाढवून आत देतो, त्यातला गोंगाटही वाढवतो. त्यामुळे बाहेरचाच एसआयएनआर शून्याजवळ असेल तर दांड्या वाढतील, वेग नाही. दुसरी अडचण अशी की बहुतेक घरगुती बूस्टर एकाच अँटेनावर चालतात. फोन किंवा राउटर एरवी दोन-चार अँटेनांवरून वेगवेगळे प्रवाह घेतो, त्यालाच मायमो म्हणतात. बूस्टरमागे ते प्रवाह एकात कोंबले जातात. आकडा सुधारला आणि डाउनलोड मात्र मंदावला, असं होतं ते यामुळेच.

बँडही, म्हणजे फोन कोणत्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर चालतोय तेही, तपासा. टी-मोबाइल या अमेरिकी कंपनीचा लांबवर पोचणारा ६०० मेगाहर्ट्झचा बँड ७१ बहुतेक घरगुती बूस्टर वाढवतच नाहीत.

सिएराकाठ: मोजलं. बाहेर उणे १०८, एसआयएनआर ९. आत उणे १२२, एसआयएनआर १.

तरंगवेडा: मग बूस्टरचे पैसे वाचवा. बाहेरचा सिग्नल अशक्त आहे, पण बऱ्यापैकी स्वच्छ आहे, पत्रा तेवढा आड येतोय. बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला सेल्युलर (सिमवर चालणारा) राउटर घ्या, त्याला दोन केबलची मायमो पॅनल अँटेना (एका दिशेला रोखायची चपटी अँटेना) जोडा आणि आत वायफाय पसरवा. फोनवर वायफाय कॉलिंग सुरू केलं की बोलायचंही काम भागतं. सिमच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचा किंवा राउटरचा डेटा किती मिळतो ते मात्र आधी वाचा.

पानापेटी: जोडणीबद्दल थोडं. केबल जितकी आखूड तितकी बरी. साध्या आरजी-५८ जातीच्या १० मीटर केबलमध्ये २००० मेगाहर्ट्झला आठ ते दहा डेसिबल जातात, म्हणजे हातात पाव सिग्नलही उरत नाही. एलएमआर-४०० जातीच्या केबलमध्ये दोनच जातात, पण ती जाड आणि ताठ असते, कोपऱ्यात वळत नाही. राउटर अँटेनाच्या जवळ ठेवता आला तर एलएमआर-२४० पुरते.

पॅनल छतावर कायमची बसवू नका. शिडीला बांधलेल्या खांबावर ठेवा आणि ट्रेलर हलवायच्या आधी खांब उतरवा. दिशा ठरवताना २०-३० अंश फिरवा, मिनिटभर थांबा, एसआयएनआर टिपा. आरएसआरपी जास्त दाखवणारी दिशा आणि प्रत्यक्षात वेग देणारी दिशा वेगळी निघू शकते. विजा कडाडायला लागल्या की खांब खाली घ्या.

केबल आत आणायला फ्रिजच्या व्हेंटमधून वाट मिळत असेल तर भोक पाडूच नका. पाडावंच लागलं तर केबल ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावून वर डायकॉर कंपनीचं सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं, सीलंट भरा. साधं सिलिकॉन रबरी छताला नीट धरत नाही, कड सुटते आणि पाणी आत जाऊन लाकूड कुजतं. चुंबकी बुडाच्या अँटेनाला खाली धातूचा पृष्ठभाग लागतो; रबरी छतावर ती नुसती ठेवून काम देत नाही, खाली पोलादी पत्रा हवा.

तरंगवेडा: कुणाला बूस्टरच घ्यायचा असेल तर बाहेरची आणि आतली अँटेना एकमेकींपासून होईल तितकी लांब आणि वेगवेगळ्या उंचीवर ठेवा. आतला वाढलेला सिग्नल बाहेरच्या अँटेनाने पकडला की माइक-स्पीकरची शिट्टी वाजते तसंच होतं. मग बूस्टर स्वतःहून जोर कमी करतो किंवा बंद पडतो, आणि लोक समजतात यंत्र खराब आहे. एफसीसीचं (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचं) प्रमाणपत्र असलेलाच घ्या, मोबाइल कंपनीकडे त्याची नोंदणी करा. आणि भारतात नेऊ नका, तिथे परवान्याशिवाय रिपीटर, म्हणजे असा बूस्टर, वापरणं बेकायदा आहे.

पानापेटी: दरीत टॉवरचा सिग्नलच पोचत नसेल तर अँटेना काहीच करू शकत नाही, तिथे स्टारलिंक मिनी, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणारी छोटी डिशच लागते. तिला दिवसभर ३० वॅटच्या आसपास लागतात, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून २४ तासांत साधारण ६० अँपिअर-तास. एकच शंभराची बॅटरी असेल तर मीटिंग संपली की बंद करा. उंच पाइनखाली ट्रेलर उभा केलात तर उपग्रह पुन्हा पुन्हा झाडांआड जातात आणि व्हिडिओ मधेच गोठतो. जागा बुक करतानाच उघड्या आकाशाची निवडा आणि पोचल्यावर स्टारलिंकच्या अ‍ॅपमधल्या कॅमेऱ्याने अडथळे तपासा. तिच्यासोबत लांब केबल ठेवा, म्हणजे ट्रेलर सावलीत आणि डिश उन्हात ठेवता येते.