इंग्रजीतील लॅटिन धातू मुलांकडून पाठ करून घ्यावेत का?

नौपाड्याची_आई (ठाणे)

नमस्कार. माझा मुलगा आणि आमच्या इमारतीतील आणखी चार मुले नववीत आहेत. संध्याकाळी मी त्यांचा इंग्रजीचा अभ्यास घेते. एका शिकवणीवर्गाने त्यांना शंभर लॅटिन धातूंचा तक्ता दिला असून आठवड्याला दहा धातू पाठ करण्यास सांगितले आहे. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे, हे मुलांनी पाठ केले आणि ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे आत डोकावून पाहणे, हेही त्यांना पटले. परंतु ‘री’ म्हणजे पुन्हा, तर पुन्हा पाहण्याचा अर्थ आदर कसा झाला, असे मुलाने ‘रिस्पेक्ट’वर बोट ठेवून विचारले, तेव्हा मला काही सांगता आले नाही. शिवाय ‘स्टेशन’ हा शब्द इंग्रजांनी आपल्या ‘स्थान’वरून घेतला, असे त्याच वर्गात सांगण्यात आले. हे खरे आहे का? आणि असा तक्ता घोकण्याचा खरोखर उपयोग होतो का?

निवृत्त_संस्कृत_शिक्षक (वाशी)

ताई, आपल्या मुलाचा प्रश्न तक्त्यापेक्षा मोलाचा आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. लॅटिनमधील ‘रे’ या उपसर्गाचा अर्थ ‘पुन्हा’ असा होतो, तसाच ‘मागे’ असाही होतो. ‘रेस्पिकेरे’ म्हणजे मागे वळून पाहणे. रस्त्याने जाताना ज्याच्याकडे आपण वळून पाहतो, त्याची आपण दखल घेतलेली असते. दखल घेण्यातून मान देण्याचा अर्थ आला.

मुलांना हे समजावताना लॅटिनच्या आधी आपल्या ‘ईक्ष्’ धातूकडे वळावे, असे मी सुचवीन. ‘ईक्ष्’ म्हणजेही पाहणेच, आणि त्याला वेगवेगळे उपसर्ग लागून परीक्षा, निरीक्षण, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा, उपेक्षा हे शब्द तयार झाले, जे नववीतील मूल रोज वापरते. उपेक्षेत ‘पाहणे’ आहे, हे एरवी कोणाच्या ध्यानात तरी येते का? प्रहार, आहार, विहार आणि संहार या शब्दांत एकच ‘हृ’ धातू उपसर्गासरशी अर्थ कसा पालटतो, हे संस्कृत घेतलेल्या मुलांनी वर्गात पाहिलेले असतेच. लॅटिनची घडण नेमकी अशीच आहे. तेव्हा शंभर धातूंऐवजी दहाबारा उपसर्ग आणि वीसेक धातू नीट समजून घेतले, तर उरलेले शब्द मुले स्वतः उलगडू लागतात.

आता ‘स्टेशन’. इंग्रजांनी तो संस्कृतातून घेतलेला नाही. लॅटिनमध्ये ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे. त्यावरून ‘स्तातिओ’ हे नाम झाले आणि ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोहोचले. मात्र लॅटिन ‘स्तारे’ आणि संस्कृत ‘स्था’ ही एकाच लुप्त पूर्वजभाषेची अपत्ये आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्य योगायोगाने आलेले नसून त्यांचा उगम एकच असावा, हे विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यातील एशियाटिक सोसायटीपुढे मांडले होते. म्हणजे नाते मायलेकींचे नव्हे, बहिणींचे आहे.

हे शिकवायला ठाण्याइतके सोयीचे गाव नाही. शिलाहारांच्या काळात या नगराचे नाव ‘श्रीस्थानक’ होते आणि ‘ठाणे’ हे ‘स्थान’चेच बदललेले रूप आहे. म्हणजे फलाटावरील पाटीत ‘ठाणे स्थानक’ असे वाचताना आपण एकच धातू दोनदा वाचतो, आणि त्याला ‘स्टेशन’ म्हटले तरी धातू बदलत नाही. बाहेर पडल्यावर रिक्षा ‘स्टँड’ लागतो. ‘स्टँड’ हा अस्सल इंग्रजी शब्द आहे, लॅटिनमधून आलेला नाही, पण कूळ तेच. पादचारी पुलाचेही असेच आहे: आपला ‘पाद’, लॅटिन ‘पेद’ ज्याच्यापासून पेडल आणि पेडेस्ट्रियन हे शब्द झाले, आणि इंग्रजांचा घरचा ‘फूट’, ही तिन्ही एकाच पावलाची नावे आहेत. मूळच्या ‘प’चा इंग्रजीच्या शाखेत ‘फ’ झाला, म्हणून ‘पितृ’च्या जोडीला तिथे ‘फादर’ दिसतो आणि लॅटिनमधून आलेल्या ‘पॅटर्नल’मध्ये मात्र ‘प’ टिकून राहतो.

सोसायटीचा_सचिव (ऐरोली)

गुरुजींनी इतके सांगितल्यावर भाषाशास्त्रात मी भर घालू शकत नाही, परंतु मुलांना सोसायटीच्या वार्षिक सभेला अवश्य बसवावे, असे सुचवतो. आमच्या सभेची सूचना निघते तेव्हा त्यात आधी ‘अजेंडा’ असतो. लॅटिनमध्ये त्याचा शब्दशः अर्थ ‘करावयाच्या गोष्टी’ असा आहे आणि तो मूळचा अनेकवचनी शब्द आहे. मग ‘कोरम’ भरत नाही म्हणून अर्धा तास थांबावे लागते. ‘कोरम’ म्हणजे केवळ ‘ज्यांच्यापैकी’. इंग्लंडमध्ये न्यायाधिकाऱ्यांच्या लॅटिन नेमणूकपत्रात ‘ज्यांच्यापैकी अमुक एक असावा’ असे कलम असे, त्यातील एक सर्वनाम सुटून सभागृहात आले. त्यानंतर ‘ऑडिट’. त्याच्या मुळाशी ‘ऐकणे’ आहे, कारण पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि तपासणारा ते ऐकून तपासत असे. आमच्याकडे हिशेब आजही वाचले जातात. ऐकणारे कमी असतात, हा भाग निराळा.

शाळेतून आणतो ते ‘बोनाफाइड’ म्हणजे ‘सद्भावनेने’. आमच्या शिपायापासून सगळे जण तो शब्द बिनदिक्कत वापरतात, आणि आपण लॅटिन बोलतो आहोत हे कोणाच्या गावीही नसते.

नौपाड्याची_आई (ठाणे)

दोघांचेही मनापासून आभार. काल मुलांना ‘ईक्ष्’चे शब्द काढायला लावले. त्यांनी चौदा काढले, त्यांतील दोन चुकीचे होते. मग एकाने आपणहून ‘अपेक्षा’समोर ‘एक्स्पेक्ट’ आणि ‘निरीक्षण’समोर ‘इन्स्पेक्ट’ लिहिले. मात्र उत्साहाच्या भरात ‘लोकल’ म्हणजे ‘लोकांची’ गाडी, असाही शोध लागला आहे. तो मोडावा की ठेवावा? आणि सोपे शब्द इंग्रजांचे स्वतःचे, तर अवघड शब्द लॅटिन, असे का, हेही त्यांना हवे आहे.

निवृत्त_संस्कृत_शिक्षक (वाशी)

मोडावा, पण हळुवारपणे. ‘लोकल’चे मूळ ‘लोकुस’, म्हणजे जागा. त्याचे जुने रूप ‘स्त्लोकुस’ होते. त्यामुळे ‘लोक’ शब्दाशी त्याचे साम्य केवळ कानाला जाणवणारे आहे. त्याच्या बदल्यात मुलांना ‘बस’ द्यावी. 1820च्या दशकात फ्रान्समध्ये सर्वांना घेऊन जाणाऱ्या घोडागाडीला ‘ओम्निबुस’ म्हणू लागले. ‘ओम्निबुस’ ही चतुर्थीच्या अनेकवचनाची विभक्ती आहे, अर्थ ‘सर्वांसाठी’. संस्कृतात त्याला ‘सर्वेभ्यः’ म्हणतात, आणि लॅटिनचा ‘बुस’ व आपला ‘भ्यः’ हे प्रत्ययही नात्यातले आहेत. लोकांनी पुढे मूळ शब्द टाकून दिला आणि प्रत्यय तेवढा ठेवला. म्हणजे आपण थांब्यावर ज्याची वाट पाहतो, तो निव्वळ चतुर्थीचा प्रत्यय आहे.

सोपे-अवघडचे कारण इतिहासात आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालये यांची भाषा फ्रेंच झाली, विद्वानांची लॅटिन होतीच. चूल आणि शेत यांचे शब्द मात्र मूळचेच राहिले. म्हणून विचारण्याला ‘आस्क’ हा घरगुती शब्द, ‘क्वेश्चन’ हा फ्रेंचमार्गे आलेला आणि ‘इंटरॉगेट’ हा थेट लॅटिनचा. आपल्याकडे विचारणे, सवाल आणि पृच्छा असतात, तसेच. मात्र ‘स्ट्रीट’, ‘वॉल’, ‘वाइन’ हे साधेसुधे शब्दही लॅटिनच आहेत, आणि ते नॉर्मनांच्या कितीतरी आधी आलेले आहेत. त्यामुळे छोटा शब्द दिसला की तो देशी, असा नियम करू नये.

नौपाड्याची_आई (ठाणे)

‘लोकल’ मोडली, थोडी नाराजी झाली, पण ‘बस’वर भागले. आज मुलाने स्वतःच ‘सस्पेक्ट’ सोडवला. ‘सब’ म्हणजे खालून, म्हणून खालून पाहणे, इथवर येऊन तो अडला होता. मग धाकट्या बहिणीने त्याच्या डब्यातील लाडू उचलला आणि मान खाली ठेवूनच त्याने भुवईखालून तिच्याकडे पाहिले. पाहता पाहता तो स्वतःच हसू लागला आणि वहीत शब्दासमोर ‘संशय’ असे लिहून मोकळा झाला.