चेक स्काउट परत उभे राहिले ते स्वतःच्या बळावर

१९८९ नंतर पाश्चात्त्य संघटनांनी पूर्व युरोपात स्काउटिंग नव्याने नेऊन रुजवलं, असं काहीजण म्हणतात. निदान चेकोस्लोव्हाकियाबाबत मला ते अजिबात पटत नाही. बाहेरून मदत आली असेल, पण मुळं तिथलीच होती.

प्राग शहरातले व्यायामशिक्षक आन्तोनीन स्वोयसीक यांनी १९१२ साली लिप्नित्से किल्ल्याजवळ पहिलं शिबिर भरवलं. त्यातून 'युनाक' ही संघटना उभी राहिली. १९४० मध्ये नाझींनी तिच्यावर बंदी घातली. युद्ध संपताच ती परतली, पण १९४८ च्या सत्तांतरानंतर कम्युनिस्टांनी ती मोडून काढली आणि कित्येक स्काउटप्रमुखांना तुरुंगात टाकलं. १९६८ च्या 'प्राग वसंता'त, म्हणजे राजवट थोडा काळ सैलावली तेव्हा, ती पुन्हा उभी राहिली, तर १९७० मध्ये पुन्हा बंद. एका पिढीने हे तीनदा सोसलं!

मला सगळ्यात भिडतं ते त्यानंतरचं. काही पथकं गिर्यारोहण-भटकंतीच्या मंडळांत शिरली, काही निसर्गरक्षणाच्या गटांत, काही तर चक्क पायोनियर या कम्युनिस्ट राजवटीच्या मुलांच्या संघटनेतच. नाव बदललं, पण शेकोटी, तंबू, गाठी मारणं, रानातले खेळ तेच राहिले. म्हणून तर १९८९ च्या नोव्हेंबरात राजवट कोसळल्यावर काही आठवड्यांतच युनाक पुन्हा सुरू झाली. १९६८ चे तरुण तेव्हा चाळिशीत होते आणि मुलांना काय शिकवायचं हे त्यांना पाठ होतं.

पोलंडची गोष्ट वेगळी. तिथे जुनी संघटना राजवटीने आपल्या साच्यात घालून चालूच ठेवली होती, त्यामुळे १९८९ मध्ये नाराज मंडळींनी दुसरी काढली.